‘अ‍ॅज पर नॉर्म्स’ : नर्सिंग कॉलेजांच्या प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या नर्सिंग कॉलेजांचे प्राचार्य आणि संस्थाचालक

सप्रेम नमस्कार.

माझ्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे काय काय शिकवलं याच्या कॉलेजने दिलेल्या तपशिलावर, क्लिनिकल पोस्टिंगच्या (वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाच्या) रकान्यात एकच ओळ होती. ‘कम्प्लीटेड अ‍ॅज पर आयएनसी नॉर्म्स.’ म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे पूर्ण. खाली प्राचार्यांची सही, निळा गोल शिक्का, तारीख. ही ओळ मला चौदा महिन्यांना पडली. कशी, ते सांगायला हे पत्र.

मी तुमच्यातल्याच एका कॉलेजची बी.एस्सी. नर्सिंगची माजी विद्यार्थिनी, २०१४ ची पासआउट. कॉलेजचं नाव लिहीत नाही. एक तर तिथल्या दोन मॅडमनी मला जे शिकवलं त्यावर मी आज पोट भरते आणि दुसरं म्हणजे माझ्या वॉर्डातल्या, नाशिकपासून नांदेडपर्यंतच्या मुलींच्या हकिगती ऐकल्यावर कळलं की नाव कुठल्याही कॉलेजचं टाकलं तरी पत्र तेच राहील. पुण्यात सहा वर्षं नोकरी केली, त्यातली चार आयसीयूत. २०२२ पासून जर्मनीत आहे, बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात, नेकार नदीकाठच्या एका छोट्या शहरात. वॉर्ड म्हाताऱ्यांचा. सरासरी पेशंट माझ्या आजीपेक्षा मोठा.

तुमच्या कॉलेजच्या भिंतीवर आता ‘जर्मनीत करिअर’चे फ्लेक्स लागले असतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने याच बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आकडा १०,००० तरुणांचा होता आणि त्यात नर्सेस आहेतच. मला त्या कराराचा आनंद आहे. पण करारावर सह्या झालेल्या टेबलापासून मुलीच्या हातात परवाना पडेपर्यंत मधे जे एक टेबल लागतं, ते तुमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कचं आहे. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

आधी इथला कायदा थोडक्यात सांगते, कारण बऱ्याच प्राचार्यांना तो ‘भाषा शिका, व्हिसा घ्या, विमानात बसा’ एवढाच वाटतो. जर्मनीत नर्स हा कायद्याने संरक्षित पेशा आहे. भारतातली डिग्री असली तरी त्या राज्याच्या कार्यालयाकडून मान्यता घ्यावी लागते. तिला आनएर्केनुंग म्हणतात आणि शेवटी जो कागद मिळतो तो उरकुंडे. उरकुंडे मिळेपर्यंत तुम्ही नर्स नाही, मदतनीस. पगार मदतनिसाचा, बिल्ल्यावर ‘मान्यता प्रक्रियेत’ असं लिहिलेलं. जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत (मध्यमाच्या वरची पायरी) लागते. १ जानेवारी २०२० पासून इथे नर्सिंगचं शिक्षण नव्या कायद्याने चालतं. तीन वर्षांत किमान २,१०० तास वर्गात आणि किमान २,५०० तास पेशंटजवळ. मान्यता देणारा अधिकारी तुमची मार्कशीट बघून हुशारी मोजत नाही. तो एका बाजूला हे तास ठेवतो, दुसऱ्या बाजूला तुमच्या कॉलेजने लिहून दिलेले तास ठेवतो, आणि वजाबाकी करतो. मेडिसिन किती, सर्जरी किती, बालरुग्ण किती, मानसोपचार किती, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा किती, घरी जाऊन केलेली किती. आमची डिग्री चार वर्षांची, त्यात कम्युनिटी आणि मिडवाइफरी वेगळी. तास आपल्याकडे भरपूर आहेत. फक्त ते लिहिलेले नसतात.

‘अ‍ॅज पर आयएनसी नॉर्म्स’ याचं दुभाष्याने शब्दशः जर्मन केलं. ती बाई शपथ घेतलेली अधिकृत भाषांतरकार, स्वतःच्या मनाने एक आकडा घालणार नाही. अधिकाऱ्याला आयएनसी काय हे माहीत असण्याचं कारण नाही आणि त्या नॉर्म्स शोधत बसणं हे त्याचं कामही नाही. मला जे पत्र आलं त्याला इथे डेफिझिट-बेशाइड म्हणतात, म्हणजे तुमच्यात काय कमी आहे त्याची सरकारी यादी. बालरुग्ण : प्रत्यक्ष कामाचे तास सिद्ध नाहीत. मानसोपचार : सिद्ध नाहीत. घरपोच शुश्रूषा : सिद्ध नाही. वृद्धांची शुश्रूषा : अपुरी. शेवटचं खरं होतं, आमच्या अभ्यासक्रमात तो भाग तेव्हा फारच तोकडा होता. बाकीचं खोटं. म्हणजे, पूर्ण खोटं नव्हे. त्याकडे येतेच.

ती यादी आली तेव्हा मी अजून पुण्यात होते. मी कॉलेजला फोन केला. तासांचा तक्ता हवा आहे म्हटलं. उत्तर मिळालं की आमच्या फॉरमॅटमध्ये ते बसत नाही. मी फॉरमॅट करून पाठवते, तुम्ही फक्त तपासून सही करा, म्हटलं. तर अर्ज प्रत्यक्ष येऊन आवक-जावकला द्या. मी रात्रपाळी उरकून एसटीने गेले. (वडील एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे त्या रस्त्याचे सगळे थांबे मला पाठ आहेत, त्या वर्षी नव्याने पाठ झाले.) पहिल्या खेपेला प्राचार्य इन्स्पेक्शनच्या गडबडीत. दुसऱ्या खेपेला रजिस्टर असलेल्या कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. तिसऱ्या खेपेला क्लार्क म्हणाले, “सिस्टर, तुम्ही तर आता युरोत कमावणार, आमचं काय?” ते हसले, मीही हसले, आणि पर्स उघडली. त्या दिवशीही तक्ता मिळाला नाही. मिळालं ते आणखी एक पत्र, त्यावर लिहिलेलं, ‘हर कंडक्ट वॉज गुड.’

आता माझ्या वॉर्डात माझ्याबरोबर कोट्टायमकडची एक मुलगी आहे. तिच्याकडे पास व्हायच्या आधीच छापील ट्रान्स्क्रिप्ट होती. विषयवार थिअरीचे तास, वॉर्डवार प्रॅक्टिकलचे तास, हॉस्पिटलचं नाव, खाटांची संख्या, शेवटी बेरीज. मी ती हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती बघत बसले. तिच्या कॉलेजने फार काही उपकार केले नव्हते. तिच्या आधी त्या दारातून इतक्या मुली बाहेर गेल्या होत्या की क्लार्कला फॉर्म छापून ठेवणंच सोपं पडलं. केरळमध्ये नोर्का नावाची सरकारी संस्था आहे, ती जर्मन सरकारबरोबर ‘ट्रिपल विन’ या योजनेतून नर्सेस पाठवते, त्यामुळे कागद कसा हवा हे तिथे खालपर्यंत झिरपलेलं आहे. आपल्याकडे ते मुलीला एजंट सांगतो, आणि एजंट काही फुकट सांगत नाही.

एजंटाचं थोडक्यात उरकते. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही, हा आपल्या देशाचा नियम आहे. इथे जर्मनीत न्याय्य भरतीचा सरकारी शिक्का आहे, तो घेतलेल्या हॉस्पिटलांनी भरतीचा खर्च नर्सच्या माथी मारायचा नसतो. या दोन्ही गोष्टी मला इथे आल्यावर कळल्या. मी किती दिले ते घरी अजून सांगितलेलं नाही. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ही दोन वाक्यं जरी लावलीत तरी कितीतरी बापांचे प्रॉव्हिडंट फंड वाचतील.

आणि नावं! पत्र लिहायला घेतलं तेव्हा यावर वेगळं लिहायचं ठरवलं होतं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं. बारावीला त्यापुढे आईचं नाव. विद्यापीठाच्या डिग्रीवर आणखी वेगळा क्रम. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लग्नानंतर नूतनीकरण केलं, त्यावर सासरचं आडनाव. पासपोर्टवर माहेरचं, कारण तो आधी काढला होता. इथल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने या चार बायका. एकीने दहावी केली, दुसरीने नर्सिंग, तिसरी रजिस्टर्ड आणि चौथी अर्ज करते आहे. शेवटी राजपत्र, प्रतिज्ञापत्र, त्यांची भाषांतरं. फर्स्ट इयरला अ‍ॅडमिशन घेतानाच एखाद्या मॅडमनी मुलींना बसवून सांगितलं की बायांनो, सगळ्या कागदांवर एकच नाव, एकच क्रम, आणि स्पेलिंगमधला एक ‘ए’सुद्धा इकडचा तिकडे नको, तर त्या तासाची किंमत अ‍ॅनाटॉमीच्या तासाइतकी आहे. माझ्या एका मैत्रिणीच्या नावातल्या ‘एस एच’ने तिला तीन महिने थांबवलं.

आता ते पूर्ण खोटं नसलेलं.

कमतरतांची ती यादी तशीच घेऊन मी जर्मनीत आले. जी कमतरता कागदावर भरून निघत नाही ती भरायला इथे दोन वाटा आहेत. एक अनुकूलन अभ्यासक्रम, म्हणजे काही महिने वर्ग आणि वॉर्ड. दुसरी परीक्षा, केंटनिसप्रुफुंग. मी परीक्षा निवडली. आयसीयूत चार वर्षं काढलेली बाई, व्हेंटिलेटर हाताळलेला, सक्शन केलेलं, कोविडच्या दोन लाटांत पीपीई किट घालून बारा-बारा तास उभी राहिलेली. म्हातारे सांभाळायची परीक्षा, त्यात काय.

परीक्षेत तोंडी भाग पाऊण ते एक तासाचा असतो आणि प्रत्यक्ष भागात खरे पेशंट मिळतात, दोन ते चार, प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन तास. मला जे पहिले आजोबा मिळाले त्यांना स्ट्रोक होऊन गेलेला, उजवा हात कमजोर. सकाळची शुश्रूषा करायची होती. मी काय केलं? पडदा ओढला, पाण्याचं तापमान बघितलं, नमस्कार केला, नाव सांगितलं. आणि मग आजोबांचं तोंड पुसलं, दात घासून दिले, छाती-पाठ पुसली, शर्ट घालून दिला, केस विंचरले. हात हलका, काम झटपट, चादरीला सुरकुती नाही. आपल्याकडे परीक्षकांनी पाठ थोपटली असती. आजोबा पण ‘डांकेशोन, श्वेस्टर’ म्हणाले. मी नापास.

परीक्षक बाईंनी विचारलं, “त्यांचा डावा हात चांगला आहे. टॉवेल त्यांच्या हातात का नाही दिलात?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या, तुम्ही वीस मिनिटांत त्यांना आज सकाळपेक्षा जास्त आजारी केलंत. जो माणूस तोंड स्वतः पुसू शकतो त्याचं तोंड पुसायचं नसतं, त्याला आरशासमोर बसवायचं, टॉवेल ओला करून द्यायचा, आणि थांबायचं. थांबणं हे काम आहे. केअर प्लॅनमध्ये तेच लिहायचं असतं, काय तो स्वतः करतो, काय मदतीने, काय अजिबात नाही.

मी त्या रात्री खोलीवर येऊन खूप वेळ रडले आणि मग एकदम हसू आलं. कारण हे मला माहीत होतं. डोरोथिया ओरेमची सेल्फ-केअरची थिअरी! पूर्ण परावलंबी, अंशतः परावलंबी, आधार आणि शिक्षण. हे मी फायनलला पंधरा मार्कांना लिहिलं होतं, आकृतीसकट. माझी आकृती वर्गात सगळ्यांत सुबक होती. मॅडमनी तिची झेरॉक्स ज्युनियरना दिली होती. पण ती आकृती घेऊन मी कधी एकाही पेशंटच्या खाटेशी उभी राहिले नव्हते.

का नव्हते, ते तुम्हाला माहीत आहे. आमचं पोस्टिंग ज्या वॉर्डात लागायचं तिथे एका सिस्टरच्या वाट्याला चाळीस पेशंट. स्पंज बाथ, बेडपॅन, भरवणं हे नातेवाईक करायचे, नाहीतर मावशी. विद्यार्थिनी म्हणजे फुकटचे हात; आम्ही बीपी घेत सुटायचो, सॅम्पल पोचवायचो, कागद लावायचो, सिनियर सिस्टर ओव्हर देत असताना मागे उभ्या राहायचो. आयएनसी म्हणते वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स हवी, शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीनमागे एक. आम्ही हे प्रमाण उत्तरपत्रिकेत लिहिलं आणि मग चाळीस खाटांच्या वॉर्डात परत गेलो. मानसोपचाराच्या पोस्टिंगला आमची बस चार आठवड्यांत मोजून सहा वेळा गेली. बालरुग्ण वॉर्डचे शेवटचे दहा दिवस कॉलेजच्या गॅदरिंगची तयारी. प्रोसिजर बुक आम्ही इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या गॅलरीत बसून भरलं, एकीने तारखा सांगायच्या, बाकीच्यांनी लिहायचं, पेनाचा रंग बदलत राहायचा म्हणजे खरं वाटतं. केअर प्लॅन सिनियरच्या फाइलवरून. एकच ‘निमोनियाचा पेशंट, वय ५४’ आमच्या कॉलेजात किमान पाच बॅच आजारी होता.

म्हणजे जे तास सिद्ध होत नाहीत असं इथल्या अधिकाऱ्याने लिहिलं, त्या तासांचा कागद मिळावा म्हणून मी तीन खेपा घातल्या, पैसे चारले, चिडले, आणि त्यातले बरेचसे तास मी केलेच नव्हते. हे मला लिहायचं नव्हतं. पण हे सोडून नुसती क्लार्कची तक्रार केली तर पत्र निम्मं राहील. जर्मन अधिकाऱ्याने कागदात भोक शोधलं, परीक्षक बाईंनी माझ्या हातात तेच भोक शोधलं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही.

तुम्ही म्हणाल, इंग्लंडला तासांचं एवढं विचारत नाहीत. बरोबर. माझी रूममेट तिकडे गेली. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेला लिहिण्यात साडेसहा आणि बाकी तिन्हींत सात, मग संगणकावरची लेखी परीक्षा सीबीटी, मग तिथे पोचल्यावर ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, दहा स्टेशनांची. त्या दहांतली चार काय आहेत? पेशंटची तपासणी, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन. आपलीच नर्सिंग प्रोसेस, जी आपण फर्स्ट इयरला पाठ करतो. तिलाही पहिल्या खेपेला नियोजनाच्या स्टेशनवर अडवलं. पेशंट स्वतः काय करू शकतो ते लिहिलं नव्हतं म्हणून.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जर्मनीत २०२४ पासून नियम बदलला आहे. आता परदेशी नर्सला तासांच्या तुलनेवर पाणी सोडून सरळ परीक्षेला किंवा अनुकूलन अभ्यासक्रमाला जाता येतं. काही एजंट हे सांगून मुलींना म्हणतात, ट्रान्स्क्रिप्टची कटकटच नको. पण याचा अर्थ नीट समजून घ्या. तुलना सोडली की तुमची चार वर्षं आणि त्यानंतरचा अनुभव कुणी मोजतच नाही. ज्या मुलीकडे पक्का कागद आहे तिची यादी दोन ओळींची निघू शकते आणि वॉर्डातल्या अनुभवाने त्यातलीही एखादी ओळ खोडली जाऊ शकते. ती संधी हातची घालवायची की नाही हे मुलीने ठरवायचं. आज ते तुमचं कपाट ठरवतं.

मला माहीत आहे काही प्राचार्य हे वाचून काय म्हणतील. आमच्याच एका मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, “आम्ही काय परदेशासाठी नर्सेस तयार करतो का? इथे जिल्हा रुग्णालयात जागा रिकाम्या आहेत.” मॅडमचं चुकत नाही. माझ्या गावच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री एकच सिस्टर असते आणि ती माझी वर्गमैत्रीण आहे, कंत्राटावर. तिच्या तोंडावर मी हा मुद्दा खोडू शकत नाही. पण मग तिला कायम करा. २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या पगारासाठी समिती नेमायला लावली. समितीने सांगितलं, ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० च्या खाली नको, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या. पुण्यात मी सहा वर्षांच्या अनुभवावर आयसीयूत १८,००० घेत होते आणि त्या हॉस्पिटलात खाटा २०० च्या वर होत्या. रुजू होताना माझे मूळ कागद हॉस्पिटलने ‘जमा’ करून घेतले, दोन वर्षांचा बॉण्ड. ते सोडवायला पगाराचे दोन महिने गेले. मुलींना अडवून ठेवण्याचे हे असले मार्ग आपण शोधले आणि त्याला राज्याची सेवा म्हणायला लागलो. ज्या संस्थांचं कॉलेज आणि हॉस्पिटल एकच आहे त्यांना हे वाक्य टोचेल. टोचू दे.

नॉन-अटेंडिंगबद्दलही लिहायला हवं. फी भरा, घरी बसा, परीक्षेला या. ही चाल ज्या कॉलेजांत आहे ती सगळ्यांना माहीत आहेत. अशा मुलीला तुम्ही ट्रान्स्क्रिप्टवर भरघोस तास लिहून द्याल, त्यात तुमची सढळ हाताची ख्याती आहे. ती मुलगी इथे येते. पहिल्या आठवड्यात तिला एका आजींना कुशीवर वळवायचं असतं, पाठीवर प्रेशर सोअर (पडून राहून होणारी जखम) आहे का बघायचं असतं. तिला वळवता येत नाही. आजींना लागतं. तिचा पासपोर्ट भारताचा असतो आणि पुढच्या आठवड्यात वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक भारतीय मुलीकडे तिच्यामुळे वेगळ्या नजरेने बघितलं जातं. मी हे बघितलंय. त्या मुलीचा मला राग आला नाही. ती एकवीस वर्षांची होती, तिच्या बापाने शेत गहाण टाकलं होतं. राग सही करणाऱ्याचा आला.

तेव्हा मागणं असं आहे. तक्ता द्या, पण खरा द्या. २०२१ पासून बी.एस्सी.चा अभ्यासक्रम सेमिस्टरचा झाला, त्यात विषयागणिक थिअरी, लॅब आणि क्लिनिकलचे तास छापलेले आहेत, म्हणजे फॉरमॅट नाही ही सबब आता चालणार नाही. पास होणाऱ्या प्रत्येक मुलीला, ती परदेशी जाणार असो वा तालुक्याला, डिग्रीबरोबर तो तक्ता मिळावा, हॉस्पिटलच्या नावासकट, खाटांच्या आकड्यासकट. जीएनएम या डिप्लोमाच्या मुलींनाही. जुन्या बॅचच्या मुली मागायला आल्या तर त्यांना तीन खेपा घालायला लावू नका. हजेरीपुस्तक काढून जे आहे ते लिहा. जिथे सहा दिवस झाले तिथे सहा दिवस लिहा. कमी लिहिलंत तर मुलीला इथे काही महिने जास्त लागतील. ते चालेल. निदान आपल्याला कुठे कमी पडतं हे तिला विमानात बसायच्या आधी कळेल आणि ती तयारी करून येईल. मला कळलं नव्हतं.

आणि पोस्टिंगला एक ट्यूटर खाटेपर्यंत पाठवा. रोज नको, आठवड्यातून दोनदा. एका मुलीला एक पेशंट द्या, सकाळभर. त्याला आंघोळ घालू दे, भरवू दे, किंवा न भरवता शेजारी बसून तो स्वतः खातो का ते बघू दे. नातेवाईक म्हणतील सिस्टर तुम्ही राहू द्या आम्ही करतो. तेव्हा ट्यूटरने सांगावं की नाही, ती शिकते आहे. मावशींकडून शिकू दे, कुशीवर कसं वळवायचं ते आमच्या वॉर्डातल्या मावशींना आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं. आम्ही त्यांना कधी विचारलं नाही. आम्ही डिग्रीवाल्या.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. या वेळी आजी होत्या, पार्किन्सनच्या, हात थरथरणारा. मी चमचा त्यांच्या हातात दिला आणि थांबले. अर्धं सूप अंगावर सांडलं. मी हात मागे बांधून उभी होते, कारण मोकळा ठेवला असता तर आपोआप पुढे गेला असता. उरलेलं त्यांनी स्वतः खाल्लं. २०२३ च्या ऑक्टोबरात उरकुंडे आलं, साध्या टपालाने, जिन्याखालच्या पेटीत. त्या महिन्यापासून पगार बदलला आणि बिल्ल्यावरचे ते दोन शब्द गेले.

आता या पत्राचं तातडीचं कारण. माझ्या कॉलेजची एक ज्युनियर, २०१९ ची पासआउट, पुण्यात बी-टू पास होऊन बसली आहे. इथल्या हॉस्पिटलने तिला नोकरी देऊ केली आहे. तिचा ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज चार महिन्यांपूर्वी आवक क्रमांक घेऊन ऑफिसात गेला. सोबत तिने मी तेव्हा बनवलेला तक्त्याचा फॉरमॅट नमुना म्हणून जोडला आहे आणि बालरुग्ण वॉर्डच्या रकान्यापुढे स्वतःच पेन्सिलीने लिहिलंय, ‘अकरा दिवस, बाकी गॅदरिंग.’ मी तिला ते खोडू नको म्हटलं. मॅडम, तो अर्ज तुमच्याकडेच असेल तर फाइल हिरवी आहे, वर स्टेपलने तिचा फोटो लावलेला आहे. हजेरीपुस्तकाशी ताडून बघा, अकरा असतील तर अकरा लिहा, आणि सही करा. तिच्या भाषेच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि परतीचं टपाल तिकीट लावलेलं पाकीट आत आहे.

आपली,
बी.एस्सी. नर्सिंग, २०१४ ची एक माजी विद्यार्थिनी